कठीण पोलाद विहिरीत का तडकते?

१. प्रश्न

तेलाची किंवा नैसर्गिक वायूची विहीर खणताना तिच्यात जे पोलादी नळ उतरवले जातात, ते उपलब्ध असलेल्या सर्वांत मजबूत पोलादाचे का नसतात, हा प्रश्न या विषयाशी पहिल्यांदा ओळख होणाऱ्या बहुतेक वाचकांच्या मनात येतो. नळ तीन-चार किलोमीटर खोल लोंबकळणार, आतून शेकडो वातावरणांचा दाब सोसणार, आणि तरीही अभियंते कारखान्याकडे जी मागणी नोंदवतात तिच्यात पोलादाची कठिणता एका मर्यादेच्या वर जाता कामा नये, अशी अट असते. किमान मजबुतीची अट सहज समजते. कमाल कठिणतेची अट मात्र बुचकळ्यात टाकते, कारण जास्त कठीण वस्तू जास्त टिकते, असा रोजच्या व्यवहारातील अनुभव आहे.

झाशीसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरालाही हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्रात १९७६ साली सापडलेल्या वसई क्षेत्राचा, म्हणजेच 'बसीन' या नावाने नकाशांवर असलेल्या क्षेत्राचा वायू उत्तर भारतातील खत आणि वीज कारखान्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी १९८४ साली गॅस अथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे आजची 'गेल', स्थापन झाली. तिने टाकलेली हजिरा–विजयपूर–जगदीशपूर ही वाहिनी गुना जिल्ह्यातील विजयपूरहून औरैयाकडे जाताना बुंदेलखंडाचा हाच टापू ओलांडते. झाशीत आज वाहनांना सीएनजी आणि स्वयंपाकघरांना नळाचा वायू मिळतो. या जाळ्यात आता जहाजाने आलेला द्रवरूप वायूही मिसळत असल्यामुळे शेगडीत जळणारा एखादा रेणू नेमका कुठला, हे सांगता येणार नाही. पण हे जाळे मुळात ज्या वायूसाठी विणले गेले, तो वसईच्या समुद्रतळाखालून निघतो, आणि निघताना त्याच्यासोबत हायड्रोजन सल्फाइड असतो.

हायड्रोजनचे दोन अणू आणि गंधकाचा एक अणू मिळून बनलेला हा वायू सडक्या अंड्याच्या वासाने ओळखला जातो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की माणसाच्या जिवाला तात्काळ धोका मानला जातो, आणि त्याच सुमारास नाकाची जाणीवही बधिर होत असल्याने वासाचा इशारा मिळेनासा होतो. वसईचा वायू समुद्राखालील नळातून गुजरातच्या किनाऱ्यावर हजिऱ्याला येतो, तेथे त्यातील हायड्रोजन सल्फाइड काढून टाकला जातो, आणि मगच तो वाहिनीत सोडला जातो. म्हणजे झाशीच्या परिसरात जमिनीखाली असलेल्या नळाला या विषारी वायूशी झुंजावे लागत नाही. ती झुंज विहिरीतले नळ, समुद्रातील फलाटावरची यंत्रसामग्री आणि हजिऱ्यापर्यंतची वाहिनी देत असते. या प्रकरणाचा विषय तेच पोलाद आहे.

चुनखडीच्या थरांत हा वायू विशेषकरून का आढळतो, याचेही उत्तर येथेच देणे योग्य ठरेल. चिकणमातीपासून बनलेल्या खडकांत लोह भरपूर असते, आणि ते गंधकाला पकडून पायराइट या खनिजात बांधून ठेवते. चुनखडीत लोह फार कमी असल्याने गंधकाला बांधणारे कोणी उरत नाही, आणि हायड्रोजन सल्फाइड कोट्यवधी वर्षे तसाच मोकळा राहतो. वसई क्षेत्राचा साठा चुनखडीतच आहे. ज्या लोहाशी संयोग करण्याची संधी त्या वायूला खडकात मिळाली नाही, ते लोह त्याला पुढे माणसाने खाली सोडलेल्या नळात भेटते.

२. गंज वेगळा, तडा वेगळा

गंजामुळे नळ हळूहळू पातळ होतो, त्याची जाडी मोजता येते, किती वर्षांत तो निकामी होईल याचा अंदाज बांधता येतो आणि गंजरोधक रसायने सोडून त्याचा वेग कमीही करता येतो. हायड्रोजन सल्फाइडमुळे पडणारा तडा असा नसतो. बाहेरून जवळपास कोरा दिसणारा, जाडी पूर्ण शाबूत असलेला नळ काही दिवसांत, कधी काही तासांतच, आरपार तुटतो, आणि तुटताना तो वाकत किंवा ताणला जात नाही; चिनी मातीचे भांडे फुटावे तशी कडा स्वच्छ असते.

जगाला याची ओळख १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला झाली. पश्चिम कॅनडातील वायूविहिरींमध्ये त्या काळच्या मानाने उत्तम समजले जाणारे, नऊ टक्के निकेल असलेले पोलाद वापरूनही नळ तुटले. त्याच सुमारास, डिसेंबर १९५१ मध्ये, फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील लाक येथे साडेतीन हजार मीटरपेक्षा जास्त खोलीवर प्रचंड वायूसाठा लागला. त्याचा दाब सहाशे वातावरणांहून अधिक होता आणि त्यात सुमारे पंधरा टक्के हायड्रोजन सल्फाइड होता. एवढ्या दाबासाठी अर्थातच सर्वांत मजबूत नळ उतरवले गेले, आणि नेमके तेच तडकले. फ्रेंच धातुशास्त्रज्ञांनी या वायूला टिकणारे पोलाद तयार केल्यावरच, म्हणजे १९५७ साली, लाकचे उत्पादन सुरू होऊ शकले. सापडलेला साठा सहा वर्षे मुख्यतः एका धातूच्या प्रश्नापायी अडकून राहिला, ही घटना तेलाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. खरे तर साठा शोधण्याइतकेच महत्त्व पोलाद शोधण्याला होते.

३. हायड्रोजन पोलादात शिरतो कसा

पोलाद आणि पाणी एकत्र आले, आणि पाणी थोडे आम्लधर्मी असले, की लोहाचे अणू पाण्यात विरघळू लागतात आणि त्याच जागी पाण्यातील हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी हे अणू पृष्ठभागावरच जोडी जमवून हायड्रोजनचा रेणू बनवतात आणि बुडबुडा होऊन निघून जातात. रेणू पोलादात शिरू शकत नाही, कारण तो लोहाच्या अणूंमधल्या फटीपेक्षा मोठा असतो. सुटा अणू मात्र सहज शिरतो, कारण तो अतिशय लहान असतो. गंधक येथे घात करतो. पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे पृष्ठभागावरचे सुटे अणू जोडी जमवण्यापासून अडवले जातात, ते पृष्ठभागावर ताटकळतात, आणि बाहेर पडण्याची वाट बंद झाल्यामुळे त्यांतील बरेच आत, पोलादात, उतरतात. पाणी नसेल तर हे काहीच घडत नाही. पूर्ण कोरडा वायू, त्यात गंधक असला तरी, या प्रकारचा तडा पाडत नाही.

आत शिरलेला हायड्रोजन किती असतो, याची कल्पना यावी म्हणून झाशीच्या रेल्वे स्थानकावरून रोज जाणाऱ्या गाड्यांच्या रुळांचे उदाहरण घेता येईल. रूळ ओतताना वितळलेल्या पोलादात हायड्रोजनचे प्रमाण दहा लाख भागांत १.६ भागांपेक्षा जास्त असता कामा नये, असे भारतीय रेल्वेचे मानक सांगते, कारण त्याहून जास्त हायड्रोजन थंड होताना आत अडकला तर रुळाच्या डोक्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात. म्हणजे एक टन पोलादात दीड-दोन ग्रॅम हायड्रोजन पुरेसा होतो. रुळात तो फक्त ओतताना येतो, त्यामुळे तेथे एकदाच काळजी घेतली की पुरते. विहिरीतल्या नळात तो रोज, उत्पादन चालू असेपर्यंत, शिरत राहतो.

शिरलेले अणू एका जागी बसत नाहीत. पोलाद हा डोळ्यांना सलग दिसणारा पदार्थ प्रत्यक्षात सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो, कणांच्या सीमा असतात, कणांच्या आत अणूंच्या रांगा चुकलेल्या असतात, कार्बनची कठीण संयुगे विखुरलेली असतात आणि ओतताना राहिलेला थोडाफार मळही असतो. हायड्रोजन फिरत फिरत या जागांपाशी जमतो, आणि जेथे धातूवर जास्त ताण असतो तेथे विशेषकरून ओढला जातो, कारण ताणलेल्या जागी अणूंमधले अंतर किंचित वाढलेले असते. तेथे पुरेसा हायड्रोजन साचला की लोहाच्या अणूंमधले बंध कमकुवत होतात, सूक्ष्म चीर पडते, चिरेच्या टोकाशी ताण आणखी एकवटतो, तेथे आणखी हायड्रोजन ओढला जातो, आणि हे चक्र नळ तुटेपर्यंत चालते.

४. कठीण पोलाद आधी का हरते

मऊ पोलादावर ताण आला की चिरेच्या टोकाजवळचा धातू थोडा वाहतो, म्हणजे न तुटता आकार बदलतो, आणि टोक बोथट होते. त्यामुळे ताण मोठ्या भागात वाटला जातो. कठीण पोलादाला असे वाहणे जमत नाही. टोक धारदार राहते, तेथील ताण प्रचंड वाढतो आणि हायड्रोजनही तेथेच दाटतो. शिवाय पोलाद कठीण होते तेच मुळी त्याच्या आत अणूंच्या रांगा मोठ्या प्रमाणात विस्कटलेल्या असल्यामुळे, आणि अशी प्रत्येक विस्कटलेली जागा हायड्रोजनला थांबायला मुक्काम ठरते.

या अनुभवातून एक आकडा पुढे आला, जो तेलक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येक धातुशास्त्रज्ञाला पाठ असतो: रॉकवेल-सी मापावर २२. रॉकवेल चाचणीत हिऱ्याचे टोक ठरावीक वजनाने धातूवर दाबतात आणि ते किती खोल रुतले यावरून कठिणता ठरवतात. साध्या कार्बन आणि कमी मिश्रणाच्या पोलादाची कठिणता २२ पेक्षा कमी ठेवली, तर बहुतेक परिस्थितींत तो तडा पडत नाही, असे दिसून आले, आणि १९७५ साली अमेरिकेतील गंजतज्ज्ञांच्या 'नेस' या संघटनेने हे आपल्या मानकात घातले. २००३ पासून तेच आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५१५६ म्हणून जगभर वापरले जाते.

कोणत्या विहिरीला हा नियम लागू होतो, हे एका साध्या गुणाकाराने ठरते. समजा विहिरीतील दाब २०० बार आहे आणि वायूच्या दहा लाख भागांत हायड्रोजन सल्फाइडचे फक्त ५० भाग आहेत. त्याच्या वाट्याला येणारा दाब, म्हणजे आंशिक दाब, २०० गुणिले ५० भागिले १०,००,००० इतका, म्हणजे ०.०१ बार किंवा १ किलोपास्कल होतो. मानकाची सीमा ०.३ किलोपास्कल आहे, म्हणून ही विहीर धोक्याच्या वर्गात मोडते. हाच वायू, याच प्रमाणात, २० बार दाबाच्या नळात असता तर आंशिक दाब ०.१ किलोपास्कल भरला असता आणि साधे पोलाद चालले असते. नुसते प्रमाण सांगून भागत नाही, दाब विचारावाच लागतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

५. नळाचे सर्वांत नाजूक टोक

विहिरीत कोणत्या जागी धोका सर्वाधिक असतो, असे विचारले तर बहुतेक वाचक तळाकडे बोट दाखवतील, कारण दाब आणि उष्णता तेथे जास्त असते. प्रत्यक्षात सर्वांत नाजूक भाग बहुधा वरचा असतो, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण वजनाचे आहे. तीन हजार मीटर लांबीचा नळ वरच्या टोकाला टांगलेला असतो, म्हणून त्या टोकाला खालच्या सगळ्या नळाचे वजन पेलावे लागते. पोलादाची घनता दर घनमीटरला ७,८५० किलो धरली, तर वरच्या टोकाला येणारा ताण ७,८५० गुणिले ९.८ गुणिले ३,०००, म्हणजे सुमारे २३० मेगापास्कल भरतो. नळ जाड केला तरी हा आकडा बदलत नाही, कारण जाडीबरोबर वजनही त्याच प्रमाणात वाढते; नळ द्रवात बुडलेला असल्यास तो थोडा कमी होतो, इतकेच. एल-८० या दर्जाच्या पोलादाची यील्ड मर्यादा, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचे ताणले जाऊ लागते ती मर्यादा, किमान ५५२ मेगापास्कल असते. म्हणजे आतल्या वायूचा दाब जमेस धरण्याआधीच त्याच्या क्षमतेचे चाळीस टक्क्यांहून अधिक निव्वळ स्वतःच्या वजनात खर्च होतात.

दुसरे कारण तापमानाचे आहे. हायड्रोजनमुळे पडणारा हा तडा सर्वसाधारण हवेच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांच्या आसपास, सर्वांत जोमदार असतो. तापमान वाढले की हायड्रोजनचे अणू पोलादात फार काळ अडकून राहत नाहीत, ते सहज सुटून निघून जातात, आणि धोका ओसरतो. म्हणूनच पी-११० नावाचे, ७५८ मेगापास्कलपासून पुढची यील्ड असलेले बरेच कठीण पोलाद आंतरराष्ट्रीय मानकानुसार ८० अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त तापमानात वापरता येते, त्याखाली नाही. जमिनीखाली दर शंभर मीटरला तीन अंश तापमान वाढते असे धरले आणि पृष्ठभाग २५ अंशांवर असला, तर ८० अंश सुमारे १,८०० मीटरवर येतात. तेव्हा त्या खोलीच्या खाली पी-११० आणि वर एल-८० किंवा टी-९५ अशी जोडणी करता येते. दिसायला ही रचना उलटी वाटते, कारण सर्वांत जास्त वजन पेलणाऱ्या वरच्या भागात कमी मजबूत पोलाद बसते. परंतु ज्या जागी ताण जास्त आणि गारवा आहे, तेथे तडा न जाणे हीच खरी मजबुती ठरते.

६. सूक्ष्मरचना: एकाच कठिणतेची दोन पोलादे

येथपर्यंतचे विवेचन वाचून कठिणता मोजली की काम झाले, असा समज होण्याची शक्यता आहे. तसे असते तर या विषयावर गेली सत्तर वर्षे संशोधन करावे लागले नसते. एकाच कठिणतेची दोन पोलादे घेतली, तरी त्यांतील एक महिना टिकते आणि दुसरे दोन दिवसांत तुटते, असे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसते. फरक असतो तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रचनेत.

पोलाद सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवले की त्यातील लोहाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. ते हळूहळू थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो, आणि मऊ लोहाचे, म्हणजे फेराइटचे, तसेच लोह आणि कार्बन-संयुगाच्या आलटून-पालटून थरांचे, म्हणजे पर्लाइटचे, मिश्रण तयार होते. उलट ते पाण्याच्या झोताने एकदम गार केले, म्हणजे लोहाराच्या भाषेत त्याला पाणी दिले, तर कार्बन अडकून पडतो, अणूंची मांडणी ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाची अत्यंत कठीण आणि ठिसूळ रचना मिळते. पाव टक्का कार्बन असलेल्या पोलादात ही कठिणता रॉकवेल-सी मापावर पंचेचाळीसच्या पुढे जाते. हायड्रोजनपुढे याहून वाईट रचना नाही.

तरीही विहिरीच्या उत्तम नळांची वाट मार्टेन्साइटमधूनच जाते, ही या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. पाणी दिलेला नळ पुन्हा सुमारे ७०० अंशांपर्यंत तापवून ठेवतात. या क्रियेला टेम्परिंग म्हणतात. त्या उष्णतेत अडकलेला कार्बन बाहेर पडून अतिशय बारीक, गोलसर कणांच्या रूपाने सगळीकडे सारखा पसरतो, ताणलेली मांडणी सैल होते, आणि कठिणता २२ च्या आसपास उतरते. हळू थंड केलेल्या पोलादातही कठिणता २२ असू शकते, पण तेथे ती मऊ फेराइट आणि कठीण पर्लाइट यांची सरासरी असते, आणि हायड्रोजन सरासरी पाहत नाही. तो कठीण पट्टा शोधतो. टेम्पर केलेल्या मार्टेन्साइटमध्ये असा पट्टाच नसतो, सगळीकडे सारखाच बारीक पोत असतो, आणि हायड्रोजन असंख्य लहान जागांत विभागला जातो. म्हणून टी-९५ सारख्या दर्जासाठी मानकाची अट अशी असते की पाणी दिल्यानंतर नळाच्या पूर्ण जाडीत किमान ९० टक्के मार्टेन्साइट झालेले असले पाहिजे. मधोमध पाण्याचा गारवा पोहोचला नाही आणि तेथे दुसरीच रचना तयार झाली, तर पुढचे टेम्परिंग ती चूक दुरुस्त करू शकत नाही.

स्फटिककणांचा आकारही तितकाच महत्त्वाचा असतो. कण बारीक असतील तर सीमा जास्त, आणि सीमा जास्त असतील तर प्रत्येक सीमेवर साचणारा हायड्रोजन आणि फॉस्फरस कमी. शिवाय चिरेला प्रत्येक सीमेपाशी दिशा बदलावी लागते.

असे नळ बनवण्याचे काम महाराष्ट्रातही चालते. अहिल्यानगर आणि बारामती येथील पूर्वीच्या आयएसएमटी कंपनीचे कारखाने, तसेच नागोठण्याजवळ सुकेळी येथील महाराष्ट्र सीमलेसचा कारखाना, लालभडक तापलेल्या पोलादी गोळ्याला फिरत्या रुळांमध्ये दाबून, टोकदार प्लगवर आरपार भोसकून, सांध्याशिवायचा नळ बनवतात, आणि या कारखान्यांतील उत्पादनाचा एक भाग तेलविहिरींसाठीचा असतो.

७. मिश्रणात काय घालावे, काय काढावे

चांगल्या नळाच्या पोलादात कार्बन साधारण पाव टक्का ठेवतात; त्याहून कमी ठेवला तर पाणी देऊनही पुरेसे मार्टेन्साइट होत नाही, आणि फार वाढवला तर नळ पाणी देतानाच तडकण्याची भीती असते. त्यात सुमारे एक टक्का क्रोमियम घालतात, कारण त्यामुळे जाड नळाच्या मध्यापर्यंत मार्टेन्साइट पोहोचते. मॉलिब्डेनमचे काम सर्वांत मोलाचे आहे. ते अर्धा टक्का किंवा थोडे अधिक असले की टेम्परिंगच्या उष्णतेत पोलाद चटकन मऊ होत नाही, आणि त्यामुळे हव्या त्या कठिणतेला पोहोचण्यासाठी अधिक तापवता येते. जितके अधिक तापवावे तितके अडकलेले ताण नाहीसे होतात आणि कार्बनचे कण गोल होतात. किंचित नायोबियम स्फटिककण बारीक ठेवते.

निकेलच्या बाबतीत मात्र वेगळीच गोष्ट घडते. कॅनडातील नळ नऊ टक्के निकेलचे होते, हे वर आलेच आहे. निकेलमुळे पोलाद कमी तापमानालाच ऑस्टेनाइटमध्ये बदलू लागते. त्यामुळे टेम्परिंगसाठी जास्त तापवले तर काही भाग नकळत पुन्हा ऑस्टेनाइट होतो, आणि थंड होताना त्या भागाचे ताजे, न टेम्परलेले मार्टेन्साइट बनते. मऊ करण्यासाठी केलेल्या क्रियेतूनच कठीण ठिपके तयार होतात. मानकाने अशा कमी मिश्रणाच्या पोलादात निकेल एक टक्क्यापेक्षा कमी ठेवण्याची अट घातली ती याच अनुभवावरून. ती जास्तच कडक आहे, असे मानणारे तज्ज्ञही आहेत.

काढून टाकण्याच्या यादीत गंधक, फॉस्फरस आणि जास्तीचे मँगनीज येतात. फॉस्फरस कणसीमांवर जाऊन बसतो आणि त्या सैल करतो. मँगनीज स्वस्त असते आणि मजबुती देते, म्हणून साध्या पोलादात दीड टक्क्यापर्यंत सर्रास घातले जाते; पण ओतलेले पोलाद बाहेरून आत गोठत जाताना मँगनीज आणि फॉस्फरस मध्यभागी लोटले जातात, आणि नेमका तेथे एक कठीण पट्टा तयार होतो. गंधकाचे दुष्परिणाम समजण्यासाठी पोळीचे उदाहरण उपयोगी पडेल. कणकेत राहिलेला गुळाचा मऊ खडा लाटण्याखाली आला की पातळ होऊन लांबच लांब पसरतो. तसाच पोलादातील गंधक मँगनीजशी जोडून जे मऊ संयुग बनवतो, ते पत्रा लाटताना लांब, चपट्या पापुद्र्यासारखे पसरते. तव्यावर पोळी फुगते ती दोन पदरांमध्ये वाफ कोंडल्यामुळे. आणि पोलादाच्या या पापुद्र्यांपाशी हायड्रोजनचे सुटे अणू एकत्र येऊन रेणू बनले, की ते रेणू पुन्हा बाहेर निसटू शकत नाहीत, कोंडलेल्या वायूचा दाब वाढत जातो आणि पत्र्याचे पदर आतून सुटतात. यासाठी बाहेरून ताण असण्याची गरज नसते, आणि पोलाद कठीण असण्याचीही नसते. वाहिन्यांसाठी लाटलेल्या मऊ पत्र्यातही हे घडते. पर्शियन आखातातील उम्म शैफ येथील समुद्राखालची वाहिनी १९७२ साली अशाच कारणाने निकामी झाली, आणि त्यानंतर वाहिनीच्या पत्र्याची यासाठी स्वतंत्र चाचणी रूढ झाली. उपाय दुहेरी आहे: गंधक ०.००२ टक्क्यांच्या आसपास आणायचा, आणि वितळलेल्या पोलादात कॅल्शियम सोडायचे, म्हणजे उरलेला गंधक लाटल्यावरही न पसरणाऱ्या कठीण, गोल कणांत बांधला जातो.

विहिरीत कार्बन डायऑक्साइडही असेल तर नुसता तडा टाळून भागत नाही, गंजही आवरावा लागतो. त्यासाठी तेरा टक्के क्रोमियमचे पोलाद वापरतात, परंतु ते हायड्रोजन सल्फाइड फार सोसत नाही. मानकानुसार त्याची मर्यादा १० किलोपास्कल आंशिक दाबाची आहे. एका शत्रूपासून वाचवणारे पोलाद दुसऱ्यापुढे उघडे पडते, आणि धातूची निवड प्रत्येक विहिरीसाठी नव्याने करावी लागते ती यामुळेच.

८. तीस दिवसांची परीक्षा

एवढी काळजी घेऊनही कारखान्याच्या शब्दावर नळ स्वीकारला जात नाही. नळातून काढलेला बोटभर दांडा पाच टक्के मीठ आणि अर्धा टक्का ॲसेटिक आम्ल असलेल्या पाण्यात ठेवून, त्या पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड सतत सोडून, दांड्याला ठरावीक ताणाखाली ७२० तास, म्हणजे तीस दिवस, लटकवले जाते. तापमान २४ अंश ठेवतात, कारण तेच सर्वांत घातक असते. टी-९५ ची यील्ड किमान ६५५ मेगापास्कल असते. तिच्या ८० टक्के म्हणजे ५२४ मेगापास्कल ताण महिनाभर सोसून दांडा अखंड राहिला, तरच ते पोलाद पास होते.

मात्र दांडा पास झाला तरी सांधा पास झाला असे होत नाही. वेल्डिंगच्या वेळी सांध्याशेजारचा धातू क्षणभर वितळण्याच्या जवळ जातो आणि लगेच गार होतो, म्हणजे त्याला नकळत पाणी दिले जाते आणि टेम्परिंग मात्र होत नाही; एखाद्या मिलिमीटरच्या पट्ट्यात कठीण मार्टेन्साइट तयार होते. कझाकस्तानातील काशगान क्षेत्राने सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू केले आणि काही आठवड्यांतच ते थांबवावे लागले, कारण हायड्रोजन सल्फाइडयुक्त वायू नेणाऱ्या वाहिन्यांच्या सांध्यांपाशी असेच कठीण भाग तडकले होते. जवळपास दोनशे किलोमीटर वाहिनी बदलून उत्पादन पुन्हा सुरू व्हायला २०१६ उजाडले. लाकच्या अनुभवाला साठ वर्षे होऊन गेल्यावर, सगळी मानके हाताशी असताना हे घडले, आणि म्हणूनच पत्र्याच्या रसायनाइतकेच लक्ष सांध्याच्या शेजारच्या त्या एका मिलिमीटरवर ठेवणे आवश्यक आहे.

९. उशिरा येणारा गंधक

सुरुवातीला स्वच्छ असलेली विहीर पुढे बिघडू शकते, हा या विषयातील आणखी एक गुंतागुंतीचा भाग. तेलसाठ्याचा दाब टिकवण्यासाठी त्यात समुद्राचे पाणी सोडतात. मुंबई हाय या तेलक्षेत्रातही हे केले जाते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते, आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे काही जिवाणू या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. पाण्यातील ऑक्सिजन काढला, जंतुनाशके सोडली, तरी दशकानुदशके चाललेल्या क्षेत्रांत साठ्याच्या आत अशी वाढ होत असल्याचे जगभर आढळले आहे.

विहिरीतला आतला नळ, म्हणजे ट्यूबिंग, बाहेर काढून बदलता येतो. परंतु खणलेल्या भोकाला आतून आधार देणारा केसिंगचा नळ बाहेरून सिमेंटने खडकाशी बांधलेला असतो, आणि तो विहिरीच्या पहिल्या दिवशी जसा असतो तसाच शेवटच्या दिवसापर्यंत राहतो. त्यामुळे आज चाचणीत हायड्रोजन सल्फाइड शून्य आढळला, तरी पुढे पाणी सोडण्याची योजना असेल तर केसिंगच्या वरच्या, गार भागासाठी स्वस्त आणि अधिक मजबूत पी-११० ऐवजी एल-८० किंवा टी-९५ मागवणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. खर्चातला फरक विहिरीच्या एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो, आणि सिमेंट घट्ट झाल्यानंतर हा निर्णय बदलता येत नाही.